मापाचं भांडं

किडन्यांनी हात टेकल्यापासून आमची झोपायची खोली म्हणजे दवाखाना झाली आहे. खुंटीला साखरपाण्याची पिशवी टांगायची, नळीने ते पाणी नवऱ्याच्या पोटात सोडायचं, काही तासांनी पलंगाशेजारच्या मापाच्या भांड्यात परत काढायचं. जन्मभर जीवशास्त्र शिकवलेला माणूस, गप्प थोडाच बसणार?

"अगं, पोटात पातळ पडदा असतो. रक्तातलं पाणी त्यातून गोड बाजूला सरकतं, सोबत घाणही येते."

हे आता मी झोपेतही म्हणून दाखवीन.

घातलं त्याहून जास्त पाणी निघायला हवं. नाही निघालं, तर दिवसाआड दवाखान्यातल्या रक्त गाळायच्या मशीनला जखडून घेणं आलं. ते मरेन पण करणार नाही, असं यांनी आधीच ठणकावलं होतं.

भांडं रोज छान भरायचं. तरी पाय टम्म सुजलेले, चपला जाईनात, पलंगावरून उठवेना. मग मला एकच उत्तर दिसलं. आमचे हे सर चोरून पाणी पीत होते. मी पिण्याचं पाणी मोजून एका बाटलीत देऊ लागले. तीही दुपारीच रिकामी.

"लहान मूल परवडलं," मी ओरडायचे. "जिभेवर जरा ताबा नाही. मी मरमर मरतेय कोणासाठी?"

हे नुसते भिंतीकडे बघायचे. त्या गप्प बसण्याने तर माझं डोकं आणखीच फिरायचं.

आज नळी बंद करून मी हात धुवायला गेले आणि टॉवेल विसरला म्हणून अर्ध्यातून परतले. हे पलंगावरून वाकले होते. हातात पिण्याच्या पाण्याची बाटली होती आणि तिच्यातलं पाणी ते मापाच्या भांड्यात ओतत होते.

मी बाटली हिसकावून घेतली.

"प्रॅक्टिकलला आकडे बनवणाऱ्या पोरांना शून्य द्यायचात ना तुम्ही?"

"मलाही दे," हे म्हणाले. "पडदा दमलाय गं. मला केव्हाच कळलं होतं."

मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. ओठ सुकून फुटले होते. इतके दिवस हा माणूस तहानलेला होता आणि वर माझ्या शिव्या खात होता. मला स्वतःचीच चीड आली, यांची तर आलीच.

बाटलीत दोन घोट उरले होते. मी ती यांच्या तोंडाला लावली.

"आधी हे प्या," मी म्हणाले. "मग दवाखान्यात फोन लावते."