दुसरं पान

जनुक-तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे पंचबाई म्हणत. कामच तसं होतं. माणसाच्या जनुकात एखादा बदल सापडला की त्याचा निवाडा तिनं करायचा: हा रोगकारक, हा निरुपद्रवी, आणि पुरावा अपुरा असेल तर ‘अर्थ अनिश्चित’. शेजारचा सहकारी चिडवायचा, “पंचबाई, आज किती जणांना आत टाकलं?” ती हसून कामाला लागायची.

त्या मंगळवारी तिच्यापुढं सहा दिवसांच्या एका बाळाचा अहवाल होता. बाळ आता नव्हतं. त्याच्या टाचेतून काढलेलं रक्त तेवढं कार्डावर वाळून राहिलं होतं. दुधातल्या प्रथिनांचा एक भाग त्याच्या शरीराला मोडता येत नव्हता, आणि तो साचून त्याचंच विष झालं होतं. हा आजार व्हायला आई आणि बाप, दोघांकडून जनुकाची एकेक बिघडलेली प्रत यावी लागते. आईकडून आलेला बदल ओळखीचा, रोगकारक यादीतला. बापाकडून आलेला मात्र आजवर कुणी नोंदवलाच नव्हता. एवढ्या एका बाळावरून निवाडा देता येत नाही, असा नियम. बाईनं नियम पाळला. आईचा बदल पहिल्या पानावर ठळक अक्षरांत आला. बापाचा दुसऱ्या पानावर गेला, ‘अर्थ अनिश्चित’ म्हणून. सोबत एक फॉर्म जोडला. वडिलांच्या नात्यात आणखी कुठं अशी बाळं गेली आहेत का? घरात सध्या कुणी गरोदर आहे का? असल्यास ताबडतोब कळवा. जन्मल्याबरोबर तपासून वेगळं दूध सुरू केलं, तर बाळ वाचू शकतं.

पाकीट रवाना झालं आणि बाई पुढच्या फाइलकडं वळली.

ते बाळाच्या घरी फोडलं सासूबाईंनी, स्वयंपाकघरात, ओले हात पुसून. सून भांडी घासत होती. तिचं हे गेलेलं दुसरं बाळ. पहिलं गेलं तेव्हापासून घरात एकच बोलणं होतं, हिचं दूधच विषारी.

“बघ, आता लिहूनच आलंय,” पहिल्या पानावर बोट ठेवून सासूबाई म्हणाल्या. “दोष तुझा.”

“आई, दुसरं पानही वाचा ना. ह्यांच्याकडूनही काहीतरी आलंय.”

“वाचलं. अनिश्चित आहे म्हणतात. आमच्या रक्तात खोट असती तर स्पष्ट लिहिलं नसतं?”

अनिश्चित म्हणजे निर्दोष नव्हे, हे सांगायला तिथं कोण होतं? सुनेवर शंका आली की लगेच शिक्षा, आणि लेकावर आली की ती नुसती शंका. आपल्या घरांमध्ये कागद असेच वाचले जातात.

सून हलक्या आवाजात म्हणाली, “ताईंना सातवा लागलाय. त्यांचं लग्न आत्यांच्याच मुलाशी झालंय, म्हणजे रक्त एकच. डॉक्टरांना एकदा विचारूया तरी.”

सासूबाईंचा चेहरा उतरला. लेक त्यांच्या नणंदेच्या, म्हणजे लेकीच्या आत्याच्याच, घरात दिलेली. तिथं हा फॉर्म गेला तर पोरीला उभ्या जन्मात कुणी धड बोलू देणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सुनेला त्यांनी तरी कुठं बोलू दिलं होतं? “माझ्या लेकीचं नाव काढू नकोस,” त्या म्हणाल्या. “दोन गिळलीस तेवढी पुरेत.”

नवरा दारात उभा होता. दोन्ही पानं त्यानं वाचली होती, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. मला सासूपेक्षा त्याचाच जास्त संताप येतो. आठवड्यानं त्यानं बायकोची बॅग बसपर्यंत उचलून नेली. “आईचा राग निवळला की न्यायला येतो,” म्हणाला. तो आला नाही.

पाकीट फॉर्मसकट फडताळात अंथरलेल्या कागदाखाली गेलं. प्रयोगशाळेत फाइलवर ‘उत्तर नाही’ असा शेरा पडला. फोन करून विचारावं, असं नियमात कुठं नव्हतं.

सासूबाईंच्या लेकीला मुलगी झाली, गुटगुटीत, जावळ भरपूर. तिसऱ्या दिवशी ती दुधाला उठेना. सहाव्या दिवशी गेली. हॉस्पिटलच्या बाकावर आत्या, म्हणजे लेकीची सासू, सगळ्यांदेखत म्हणाली, “हिचं दूधच विषारी.” लेकीनं आईकडं पाहिलं, आई काहीतरी बोलेल म्हणून. सासूबाईंना ते शब्द कुणाचे ते चांगलं माहीत होतं. त्यांनी मान खाली घातली.

त्या मुलीचं कार्ड पंचबाईच्याच टेबलावर आलं. दोन्ही प्रती बिघडलेल्या, आणि दोन्हींत त्या आधीच्या बाळाच्या बापाकडचाच बदल. पुरावा आता पुरेसा होता. तिनं ‘अनिश्चित’ खोडून ‘रोगकारक’ लिहिलं, जुनी फाइल काढली आणि तो शेरा पाहिला. कपातला चहा तसाच गार झाला. मग तिनं सुनेला फोन लावला.

“तुमच्या पतीकडचा बदलही रोगकारक ठरलाय. दोष तुमच्या एकटीचा नव्हता.”

पलीकडून सुनेनं विचारलं, “आत्ताच कसं ठरलं?”

“त्याच बदलाचं आणखी एक बाळ...” नाव सांगायची मुभा नव्हती.

“कळलं,” सून म्हणाली. “ताईंची मुलगी गेली, म्हणून मी सुटले.”

दुसऱ्या दिवशी ती सासरी गेली. नणंद, म्हणजे ताई, तिथंच होती, आत्यानं पाठवून दिलेली. सासूबाई म्हणाल्या, “ये गं, घर तुझंच आहे.”

“राहायला नाही आले, आई. प्रयोगशाळेचं ते पाकीट द्या ताईंना.”

सासूबाईंनी फडताळातला कागद उचलून पाकीट काढलं. नणंदेनं दोन्ही पानं वाचली, फॉर्म वाचला. “आई, हे कधी आलं?”

“तुला सातवा होता तेव्हा. तुझ्या संसाराला दृष्ट लागू नये म्हणून लपवलं गं.”

 सून तिच्याशेजारी बसली आणि दोघी एकमेकींना धरून पोटभर रडल्या. मग नणंदेनं पेन मागितलं.

आता पंचबाईच्या अहवालात आई-बाप दोघांचे बदल पहिल्याच पानावर, एका ओळीत येतात. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर ती स्वतः फोन करते. नियम विचारणाऱ्याला टेबलाच्या काचेखालचा एक फॉर्म दाखवते. ‘घरात सध्या कुणी गरोदर आहे का?’ या प्रश्नापुढं तिथं पेनानं लिहिलंय, “होते. मीच.”