उपयोगी पडलेली ऊब

गरम पाण्याच्या पाइपवरच्या, उष्णता मोजणाऱ्या मीटरचा तो नखाएवढा लाल बाण, प्रवाहाच्या दिशेने रोखलेला... हा आपणच बसवून घेतला होता, या वळणाच्या अलीकडे, हे तिला आठवत होतं आणि इंजिनाची धडधड तळघराच्या फरशीतून तिच्या तळपायांत चढत होती. माझं इंजिन. वीज करता करता तापणारं, आणि ती ऊब वाया न घालवता वर रुग्णालयाच्या वॉर्डांत पोचवणारं. त्यातल्याच एका वॉर्डात आई होती तेव्हा अंग पुसायलासुद्धा गार पाणी — आई कुडकुडत म्हणायची, "इंजिनिअर ना गं तू? मग कर की काहीतरी!" — आणि मी केलं. आई गेल्यावर, पण केलं.

"मॅडम, हा मीटर आता इथे चालणार नाही."

तपासणीला आलेली ही मुलगी एके काळी तिच्याच हाताखाली होती. आकडा दिसला की प्रश्न विचारायची, म्हणून ऑफिसात तिचं नाव 'शंका' पडलं होतं. शंका आली, की चहा पिणारे पांगायचे.

"का गं?"

"पुढे फाटा फुटलाय. एक पाइप वॉर्डांकडे, दुसरा गच्चीवरच्या पंख्यांकडे. पंखे हवेत सोडतात ती उष्णताही हा मीटर मोजतो. ती कुणाच्या उपयोगी पडली?"

पंखे नंतर आले, रुग्णालयाने लावले, माझे नाहीत ते — हे सगळं तिच्या मनात आलं. शंभर भाग इंधनातून छत्तीस भाग वीज, पन्नास भाग उष्णता, शहाऐंशी टक्के. किती जणांना किती वेळा ऐकवला होता हा आकडा! आणि ऐंशीच्या वर राहिला, तरच रुग्णालयाच्या शेजारच्या, लहान मुलांच्या इमारतीला असंच इंजिन मिळणार होतं...

शंकाने फाट्यापुढे, वॉर्डांच्या पाइपवर, आपला मीटर पट्ट्याने बांधला. घाई नाही, संकोच नाही. दुपार कलेपर्यंत दोघी तिथेच आकडे टिपत बसून होत्या. उष्णता पन्नासाची अडतीस झाली.

तेवढ्यात मॅडमच्या मोबाइलवर रुग्णालयाच्या संचालकांचा फोन. "ऐंशीच्या वर आहे ना?"

शंकाने मान वर केली नाही. जुना मीटर कागदोपत्री मंजूर होता. नुसतं 'हो' पुरलं असतं.

"चौऱ्याहत्तर," ती फोनवर म्हणाली.

पलीकडून आवाज आला, "कुणी मोजलं? पुन्हा मोजायला सांगू का दुसऱ्या कुणाला?"

"काही गरज नाही. माझ्या तालमीत तयार झालेली मुलगी आहे ती!"

"बघू," म्हणून फोन बंद झाला. मुलांच्या इमारतीचं काय होणार, कोण जाणे. पण 'माझ्या तालमीत' म्हणताना आपला आवाज एवढा का चढला... राग असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं — बारा टक्के गेले, राग येणारच — आणि ते तिला काही केल्या पटेना.