राक्षसाचे गुडघे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. सिनेमात आवाज भरायच्या खोलीत माझा सारा जन्म गेला. सुताराने माझा मागचा सांधा ढिला ठेवला, त्यामुळे कुणी भारदस्त माणूस हलला की मी करकरत असे. जिथे श्वाससुद्धा जपून घ्यायचा, तिथे असली खुर्ची कोण ठेवील? मला भंगारात काढायचे ठरलेच होते.

तेवढ्यात राक्षसाला आवाज देणारे काका आले. चांगले धिप्पाड गृहस्थ. परीकथेच्या त्या विनोदी कार्टूनपटात राक्षस झोपेतून उठतो, तिथे काकाही उठले आणि मी करकरले. रेकॉर्डिंगवाल्या ताईने कपाळावर हात मारून घेतला.

काका म्हणाले, "राहू दे गं. एवढ्या मोठ्या राक्षसाचे गुडघे वाजणारच की."

चित्रपट लागला आणि मुले त्या करकरीलाच पोट धरून हसली. मग एकामागून एक भाग निघाले. काकांबरोबर माझाही मान वाढला. माझ्यावर दुसऱ्या कुणाला बसू देत नसत. खरे सांगते, मी जरा शेफारलेच.

शेवटच्या भागाच्या वेळी काका फार आजारी होते. मुलीचा हात धरून आले, माझ्यावर टेकले, आणि कुणी बसल्याचे मला जाणवलेच नाही. राक्षस गुहा सोडून निघतो, ते दृश्य होते. काका उठले. मी गप्प. पुन्हा बसले, पुन्हा उठले. मी खूप धडपडले, पण वाजणे माझ्या हातात कुठे होते? ते त्यांच्या वजनात होते.

ताई हळूच म्हणाली, "काका, जुन्या भागातला आवाज आहे ना, तोच लावते."

"नको. तेव्हा तो न्याहारीसाठी उठायचा. आता घर सोडून निघालाय." त्यांनी मुलीकडे पाहिले. "माझ्या खांद्यांवर हात ठेव आणि दाब."

"बाबा, दुखेल तुला."

"दुखू दे. मुलं वाट बघतायत."

तिने दाबले. तिच्या हातांना नुसती हाडे लागली असतील. मी करकरले, पण अगदी बारीक. पाठोपाठ तिचा हुंदका आला. तोही चित्रपटात तसाच राहिला. लोकांना वाटते, राक्षसच रडला.

चित्रपट लागला तेव्हा काका नव्हते. पुढे एकदा त्यांची मुलगी एकटीच त्या खोलीत आली. माझ्यावर बसली, डोळे मिटून मागेपुढे झुलली. तिला काय ऐकायचे होते ते मला कळत होते. पण नुकतीच खोलीची साफसफाई झाली होती आणि एका भल्या माणसाने स्क्रू पिळून माझा सांधा पक्का केला होता. ती बराच वेळ झुलत राहिली. मी एकदाही वाजले नाही.

मित्रांनो, आता मी भक्कम आहे, कुणीही खुशाल बसा. फक्त एवढे ऐका. तुमच्या घरात एखादी खुर्ची, एखादी पायरी करकरत असेल, तर लगेच दुरुस्तीला धावू नका. ती कुणाच्या वजनाने वाजते, ते आधी नीट ऐकून ठेवा. मी जन्मभर एकाच माणसाचा आवाज सांभाळला, आणि त्याची लेक तो मागायला आली तेव्हा माझ्याकडे तो नव्हता.