जाळ्याचा वाटा

सातपाटीच्या हिराला नाशिकला नर्सिंगला नंबर लागला, तेव्हा आळीत पेढे वाटले गेले आणि तिची आई जमना भेटेल त्याला तेच सांगत सुटली. हिरालाही आनंद झाला होता, नाही असं नाही. पण मनात एक भलतीच हुरहूर होती आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. लोक म्हणाले असते, पोरगी शिकायला चालली आणि हिला खेळाची पडलीय.

खेळ तसा साधासुधा नव्हता. जवळच्याच माहीम गावचा आत्माराम बोईसरला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. तिथे नवं यंत्र बसवायला परदेशातून एक तरुण इंजिनियर आला, दोन-तीन महिने राहिला आणि जाताना एक जाडजूड पुस्तक आणि चित्रविचित्र फासे आत्मारामला देऊन गेला. एक फासा तर वीस तोंडांचा! आत्मारामने शब्दकोश घेऊन ते पुस्तक फोडून काढलं. त्यात सोंगट्या नव्हत्या, पट नव्हता. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, आत्मारामने गोष्ट सांगायची, आणि आपलं सोंग त्या गोष्टीत काय करतं ते आपण बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. लढाई जिंकली की सोंगाला शिकल्याचे गुण मिळायचे आणि ते हळूहळू मोठं व्हायचं.

दर रविवारी आत्मारामच्या ओट्यावर हे चालायचं. आत्मारामची धाकटी बहीण पुष्पलता हिराची कॉलेजातली मैत्रीण, तिनेच हिराला ओढून आणलं होतं. चौथा दामू, एडवणचा, आत्मारामच्याच कारखान्यात फिटर. पोरी-पोरं एकत्र बसून काय बडबडतात म्हणून शेजारच्या बायका सुरुवातीला नाकं मुरडायच्या. मग एकदा आत्मारामच्या आईने, माईने, त्यांना बोलावून सगळी लढाईच ऐकवली आणि दोघीतिघी दर रविवारी ऐकायला येऊ लागल्या.

त्या उन्हाळ्यात हत्यारांचं खूळ निघालं. पुस्तकातल्या तलवारी आणि गदा वापरून सगळे कंटाळले होते. आत्माराम म्हणाला, आपापलं हत्यार आपणच घडवा. अट एकच. हत्यारात एक गुण हवा आणि एक खोड हवी. खोड नसलेलं हत्यार म्हणजे नुसती फुशारकी, ते मी चालू देणार नाही.

झालं, सगळ्यांची डोकी कामाला लागली. दामूने पुरुषभर लांबीचा पान्हा घडवला. लोखंडी दार असो की राक्षसाचं चिलखत, सगळं ढिलं करायचा, पण मारण्याआधी कुठला नट ते मोठ्याने सांगावं लागे, म्हणजे शत्रू सावध. पुष्पलताने केला अवाढव्य अडकित्ता. भाल्याचे दांडे सुपारीसारखे कातरणारा, फक्त ओला झाला की मिटायचाच नाही. आत्माराम दोघांवर खूश.

हिराचं मात्र काही जमेना. तिचं सोंग होतं येसूबाई, आजीच्या नावाचं, गलबत चालवणारी खमकी बाई. तिच्यासाठी हिराने आधी फेकायची कोयती घडवली आणि तिला दोर बांधला. मग भाला घडवला, त्यालाही दोर. दामू हसून लोळला. म्हणाला, उद्या बाणालाही दोर बांधशील. हिरा फणकारली. पाण्यात सोडलेली वस्तू दोराबिगर परत येते का कधी? तिला हत्यार नव्हे, कोळ्याच्या घरची सवय आडवी येत होती, आणि हे तिलाही कळत होतं.

आणि खरं सांगायचं तर तिला नुसतं चांगलं हत्यार नको होतं. तिला कमलाकांत व्हायचं नव्हतं.

हा कमलाकांत त्यांचा पाचवा गडी. मस्कतला नोकरी लागली आणि गेला. आत्मारामचा कायदा कडक होता. जो ओट्यावर नाही, तो गोष्टीत नाही. त्यामुळे कमलाकांतचा तिरंदाज वाटेतल्या एका धर्मशाळेत झोपवला गेला आणि बाकीचे पुढे निघाले. पहिले काही रविवार त्याची आठवण निघाली. मग एक दिवस पुष्पलताने विचारलं, त्याच्या तिरंदाजाचं नाव काय गं होतं? कुणालाच आठवेना. तेव्हापासून हिराला एकच दिसत होतं. तीन वर्षं नाशिकला राहायचं म्हणजे येसूबाई अशीच कुठल्यातरी धर्मशाळेत घोरत पडणार. तिला या गोष्टीत राहायचं होतं, बस्स. पण ओट्यावर न बसता गोष्टीत राहायचं कसं, हे कोडं काही सुटत नव्हतं.

ते सुटलं घरीच. हिराचा बाप नवशा. पाठीच्या दुखण्यामुळे त्याने दर्या सोडला होता, पण त्याची जाळी चुलतभावाच्या, रामाच्या, होडीवर जात. एका संध्याकाळी होडी आली, मासळी उतरली आणि किनाऱ्यावर वाटे पडले. होडीचा एक, होडी हाकणाऱ्या तांडेलाचा एक, खलाशांचे आपापले, आणि जाळ्यांचा नवशाला. जमना टोपली भरून घरी घेऊन आली. जन्मापासून हिराने हे पाहिलं होतं. त्या दिवशी मात्र टोपलीकडे बघत ती उभीच राहिली.

तिने वडिलांना विचारलं, तुम्ही तर होडीत नव्हता, मग तुमचा वाटा कसला?

नवशा ओट्यावर बसून फाटकं जाळं सांधत होता. मान वर न करता म्हणाला, "जालं गेलं व्हतं ना. जालं गेलं म्हंजे मी गेलो. आनि फाटून आलं का सांधतो कोन? मीच ना? म्हनून वाटा."

हिराचं त्या रात्री जेवणात लक्ष नव्हतं. हत्यार डोक्यात इतकं भराभर आकार घेत होतं की घास तसाच हातात राहायचा.

रविवारी तिने ओट्यावर बसल्या बसल्या सांगून टाकलं. माझं हत्यार जाळं. येसूबाई ते स्वतः टाकणार नाही. ती किनाऱ्यावर राहील, जाळं तुमच्याबरोबर जाईल. तुमच्यापैकी कुणीही टाका. सापडेल तो जागचा हलणार नाही, मग राक्षस असो की अजगर. खोड ही की दर वेळी टाकलं की ते थोडं फाटेल, आणि ते येसूबाईशिवाय कुणाला सांधता येणार नाही. आणि लढाई जिंकलात की गुणांमधला जाळ्याचा वाटा तिचा.

आत्मारामने पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मालक हजर नसलेलं हत्यार त्यात कुठेच नव्हतं. त्याचा कायदा आडवा येत होता, पण वस्तू इतकी बेतशीर घडलेली की मोडवत नव्हती. ड्राफ्ट्समनच तो. शेवटी त्याने नेमकी दुखरी जागा धरली. तू नाशिकला गेल्यावर सांधायचं कुणी? फाटत फाटत संपून जाईल ते. त्यापेक्षा खोड बदलू, कुणीही सांधलं तरी चालेल असं ठेवू.

एवढं सोपं होतं. हिराने हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण तिला ते पटेना.

"सांधल्याबिगर वाटा घेतला तर ते फुकटचं व्हईल, दादा," ती म्हणाली. "तसा आमच्यात कोनी घेत नाय. भोकं राहू दे. मी दिवालीला येईन तेवा सांधीन."

आत्मारामने बराच वेळ वीस तोंडांचा फासा हातात घोळवला आणि मग मान्य केलं. दामूने तिथल्या तिथे शपथ घेतल्यासारखा चेहरा करून ते जाळं आपल्या सोंगाच्या खांद्यावर घेतलं. हिरा परतीच्या एसटीत एकटीच हसत होती.

नाशिकला तिचे दिवस भुर्रकन गेले म्हणावं तर तसंही नाही. वॉर्ड, लेक्चर, मेट्रनची बोलणी, पाय तुटायचे. पण रविवार दुपार आली की ती हॉस्टेलच्या खाटेवर पडून विचार करायची. आत्ता जाळं कुणावर पडलं असेल? केवढं भोक पडलं असेल? येसूबाई आता किती शिकली असेल? पुष्पलताची पत्रं यायची, पण त्यांत कुणाचं लग्न ठरलं आणि वाडीत काय लावलं एवढंच. खेळाचं सगळं तू आल्यावर, असं प्रत्येक पत्राच्या शेवटी. हिराला वाटायचं, बरंच काहीतरी साठलेलं असणार.

दिवाळीला ती घरी उतरली आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, फराळाचा डबा घेऊन माहीमला पोचली. बसायच्या आधी तिने विचारलं, जाळं कसं आहे?

"एकदम सुरक्षित," आत्माराम म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा फुलला होता की हिराला आधी काही कळलंच नाही.

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. ते सगळे पावसाळाभर एकाच गुहेच्या तोंडाशी अडकून पडले होते. आत एक आग ओकणारी घोरपड होती. पुष्पलताचा अडकित्ता तिने गिळला होता. दामूच्या सोंगाचा उजवा हात गेला होता आणि तो पान्हा डाव्या हाताने कसाबसा उचलत होता. एकही लढाई जिंकलेली नव्हती. आणि जाळं? जाळं दामूच्या खांद्यावर, घडी मोडली नव्हती. एक भोकसुद्धा नाही.

हिराने विचारलं, टाकलं का नाही?

माहीमचं एक आहे. कुणी मुंबईला जाताना आपली वाडी शेजाऱ्यावर सोपवून गेला, तर शेजारी दोन्ही वेळ पाणी घालेल, कुंपण बघेल, पण झाडाचं फळ काही तोडणार नाही. खाली पडलेलंही धन्याच्या ओट्यावर नेऊन ठेवेल. आत्माराम आणि पुष्पलता त्यातच वाढलेली. हिराने जाळं सोपवलं, त्यांनी ते जपलं. त्यात काही चुकतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

हिराने मात्र मनातल्या मनात हिशेब केला. जाळं टाकलं नाही म्हणजे फाटलं नाही, लढाई जिंकली नाही म्हणजे वाटा नाही. येसूबाई होती तिथेच होती, तसूभर पुढे सरकली नव्हती. कमलाकांतला निदान विसरले तरी. हिला घडी घालून ठेवलं होतं. तिला भयंकर राग आला आणि तो तिने लपवला नाही.

"मी जालं दिलं व्हतं तुमाला," ती म्हणाली. "देव्हाऱ्यात ठेवायला मूर्ती नाय दिली. पान्यात गेलं नाय तर त्या जाल्याचा काय उपेग? चार म्हैने मी तिकडं काय काय मनात आनत बसले, आनि तुमी घडी नाय मोडली!"

पुष्पलता रडकुंडीला आली. म्हणाली, "ते फाटलं असतं आणि तू यायच्या आत संपलं असतं, तर तुझं इथलं काहीच उरलं नसतं गं. म्हणून."

दामू खाली बघून ओट्याच्या फरशीवर बोट फिरवत होता. मग हिराच्या लक्षात आलं. या येड्याने खांद्यावर जाळं असताना आपला उजवा हात जाऊ दिला होता. नुसतं टाकलं असतं तर वाचला असता. तिचा राग होता तो तसाच होता, पण त्याच्या खालून दुसरंच काहीतरी भरून आलं आणि तिला पदराने नाक पुसावं लागलं.

"टाक," ती दामूला म्हणाली. "आताच टाक."

दामूने आत्मारामकडे पाहिलं, आत्मारामने पुस्तक बाजूला सारलं. फासा गडगडला. जाळं घोरपडीवर नीट पडलं, ती आतल्या आत फुत्कारली, तडफडली आणि जाळं मधोमध टराटरा फाटलं. पुष्पलता डोळे मिटून बसली. हिराने फक्त विचारलं, केवढं फाटलं? आणि आत्मारामने सांगितल्यावर तिने समाधानाने मान हलवली. डाव्या हाताच्या पान्ह्याने दामूने घोरपड लोळवली. माईने आतून विचारलं, मेली का एकदाची? गुणांचे वाटे पडले. जाळ्याचा वाटा येसूबाईला मिळाला, तिचा पहिला.

मग हिराने फासा घेतला आणि सांधायला बसली. गाठ कुठून धरायची, दोरा कुठून न्यायचा, सगळं बोलून दाखवत एकेक दान टाकत होती. काही गाठी बसल्या, काही सुटल्या. शेवटची एसटी निघायची वेळ झाली तरी एक भोक उरलं होतं. आत्माराम म्हणाला, ते मी सांधलं म्हणून धरतो, तू नीघ.

हिराने नाही म्हणून मान हलवली. ते मेच्या सुट्टीत सांधीन, ती म्हणाली, चपला घालता घालता. दामूला वाटलं, जायच्या आधी तिला जाळं पडताना आणखी एकदा बघायला मिळावं, म्हणून त्याने विचारलं, "जाता जाता टाकू का परत एकदा?"

"आता नको," हिरा म्हणाली. "पुढल्या ऐतवारी टाक. मी नसंन तेवा."

दामूने होकार दिला आणि एसटी चुकू नये म्हणून तिचा डबा उचलून नाक्यापर्यंत बरोबर गेला.