खांबावरचा माणूस

तो गोल ट्रॅक वडिलांनी आणि वर्कशॉपातल्या त्यांच्या सोबत्यांनी सुट्टीच्या दिवशी खपून बांधला. मधोमध लोखंडी खांब, खांबाला पोलादी तार आणि तारेच्या टोकाला हातभर लांबीची गाडी. इंजिन पेटलं की गाडी खांबाभोवती अशी सुटायची की नजर ठरत नसे. पुढे वर्कशॉप बंद पडलं, सोबती पांगले, कुंपणाची जाळी गंजली. ट्रॅक टिकला तो वडिलांच्या दोन मुलांमुळे, आणि ते दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण गाडीवरूनच झालं. वडील गेल्यावर धाकट्याने त्यांची पहिली गाडी न विचारता उघडली आणि तिला नवं इंजिन बसवलं. जुनं भंगारात गेलं असणार, असं थोरल्याने परस्पर ठरवलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हापासून अबोला. पण हा खेळ एकट्याचा नाही, ही खरी पंचाईत. बाहेरून एकाने काठीने गाडी ढकलायची, आत दुसऱ्याने तार ताणून धरत खांबाभोवती चालायचं. गाडीने वेग घेतला की तार सोडून खांबाच्या पायरीवर चढायचं, आणि गाडी थांबेपर्यंत उतरायचं नाही. खालून फिरणारी तार पाय कापून नेईल. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून वडिलांनी हातांच्या खुणा ठरवून दिल्या होत्या. त्या खुणांवर दोघांचं वर्षानुवर्षं झकास चाललं होतं. लग्नकार्यात एकमेकांकडे पाठ फिरवून बसणारे हे शहाणे रविवारी ट्रॅकवर मात्र न चुकता हजर!

यंदा खांबावर चढणाऱ्या थोरल्याला चक्कर यायला लागली. डॉक्टरांनी कुठेही चढायला मनाई केली.

"भाऊजींना सांगून टाका ना," बायको म्हणाली.

"म्हणजे तो दुसरा माणूस आणेल. मग त्याचं तोंड तरी कधी दिसणार मला?"

इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदाच कबूल केलं होतं.

त्या रविवारी गाडी कधी नव्हे अशी पळाली. वडिलांचा विक्रम मोडायच्या बेतात होता. खांबावरच्या माणसाने गाडीकडे बघायचं नाही, समोर कुंपणाच्या फाटकावर नजर ठेवायची, हा तिथला पहिला धडा. पण थोरल्याला मोह आवरला नाही. त्याने गाडीकडे पाहिलं आणि सगळा ट्रॅक गरगरला. तो पायरीवरच बसला आणि दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली. खूण करायला हात मोकळाच नव्हता.

धाकट्याने लांब दांड्याचा झाडू उचलला, धावत्या गाडीच्या वाटेवर धरला आणि तिच्या पाठीवरची इंधन बंद करायची कळ पाडली.

"अरे, एकच फेरी राहिली होती!" विक्रमाची नोंद घ्यायला घड्याळ धरून उभा असलेला क्लबचा सेक्रेटरी ओरडला.

गाडी थांबताच धाकटा धावत आत आला.

"दादा, कधीपासून होतंय हे?"

आता संपलं, असं थोरल्याला वाटलं. "उन्हाळ्यापासून."

धाकट्याने त्याला हाताला धरून उतरवलं, जाळीबाहेर नेऊन बसवलं आणि ढकलायची काठी त्याच्या मांडीवर ठेवली.

"पुढच्या रविवारी तू ढकल. मी तार धरतो. आणि बाबांची गाडी आणतो, त्यांचंच इंजिन बसवून. जपून ठेवलंय मी ते."

"मग इतकी वर्षं सांगायला काय धाड भरली होती तुला?" थोरला डोळे पुसत खेकसला.

"आपण बोलत नव्हतो ना," धाकटा म्हणाला.