तव्यावरची राख

दरीच्या काठावरच्या त्या गावात बाजाराच्या दिवशी गुरांच्या बाजारापेक्षा जास्त गर्दी पास्टर झेबेदीच्या मांडवात व्हायची. बायका घरून पोखरलेल्या वाळक्या भोपळ्यांत दूध आणून रांगेनं मांडायच्या आणि पास्टर चकचकीत डब्यातली काळी राख चिमूट चिमूट त्यांत सोडत जायचा. ती पोटात गेली की पोरांचे पाय विमानात बसून शर्यतीला जातात, अशी ख्याती होती.

"गोरे आले!" पास्टर ओरडायचा. "आपल्या पोरांच्या पोटऱ्या फुटपट्टीनं मोजल्या, रक्त बाटल्यांत भरून नेलं. पळण्याचं गुपित सापडलं का?"

"नाही!" मांडव गरजायचा.

"सापडेल कसं? आपला धावणारा पूर्वज जिथं पुरलाय, त्या जागेवरच्या झाडाची ही राख! ते झाड मला स्वप्नात दिसलं!"

जागेपणी ते कुणालाच दिसलं नव्हतं. राख घेऊन जो जिंके त्याचा फोटो मांडवात लागे. जो हरे त्याच्या मनात शंका होती म्हणे. ज्या गावात शेंबडं पोरही पळत शाळेत जातं, तिथं कुणी ना कुणी जिंकणारच, एवढा साधा विचार कुणाच्या डोक्यात शिरला नाही.

कोबिलोच्या लेकीनं, जेसांगनं मात्र राखेला हात लावला नव्हता. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारे चेबोई मास्तर तिला रोज पहाटे लाल मातीत पळवायचे. "उंचावरची हवा, काटक हाडं आणि रोजचा घाम," मास्तर सांगायचे. "कुणाला थोडं जास्त मिळतं, कुणाला कमी. तुला जास्त मिळालंय, म्हणून घाम कमी गाळायचा नाही." जेसांग शाळेपासून जिंकतच आली होती.

मग एका शर्यतीत ती दुसरी आली. पहिली आलेली राखवाली होती.

"काय गं जेसांगच्या आई," शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "लेकीला नुसत्या शिट्टीवर पळवतेस होय? आई आहेस की पंच?"

कोबिलोच्या ते जिव्हारी लागलं. तिकडच्या बायका भोपळ्यात दूध घालण्याआधी जळत्या काडीचा कोळसा आतून घासतात. दुधाला धुरकट चव येते, काळे कण तरंगतात. काळ्या कणांशिवाय दूध दिसलं तर पोरं नाक मुरडतात. त्या कोळशातच कोबिलोनं पास्टरची राख मिसळली. जेसांग रोज घटाघटा प्यायली. आईच्या दुधात कोण काय शोधणार?

जेसांग पुन्हा जिंकू लागली. मग तिचा आवाज घोगरा झाला, हनुवटीवर लव आली, पाळी थांबली. गल्लीतली पोरं "जेसांगदादा, मिशी कधी कापणार?" म्हणून मागे धावू लागली. पोरगी डोक्यावरून कपडा ओढून सरावाला जायची. कोबिलोला उलट समाधान वाटलं. पूर्वज पुरुषच होता ना, अंगात आला असेल!

राजधानीतल्या निवड शर्यतीनंतर फोन आला. जेसांगच्या लघवीत स्नायू फुगवणाऱ्या औषधाचा अंश सापडला होता. बंदी.

पुढच्या बाजारी मायलेकी बटाटे विकायला बसल्या, तर एकही गिऱ्हाईक फिरकेना. एकानं थुंकून दाखवलं. मांडवातून पास्टरनं जेसांगकडे बोट केलं.

"ती बघा! पूर्वजाची राख नको म्हणाली आणि चोरून सुया टोचून घेतल्या! आता जगभर म्हणतील, ह्या डोंगरातले सगळेच असले!"

"चोरटी!" गर्दीतून आवाज आला. एक बटाटा जेसांगच्या कपाळावर बसला. तिनं तो उचलून पुन्हा ढिगात ठेवला.

कोबिलो उठली. "घेतली होती तिनं राख," ती म्हणाली. कुणी ऐकेना म्हणून पुन्हा ओरडली, "रोज घेतली! तिला न सांगता मीच दुधात घातली! तुझीच राख, पास्टर! दुसरं काही तिच्या पोटात गेलेलं नाही!"

जेसांगनं आईकडे पाहिलं. ते पाहणं कोबिलो मरेपर्यंत विसरणार नाही.

चेबोई मास्तर गर्दीतून वाट काढत मांडवात शिरले. त्यांनी पास्टरच्या पुढ्यातला डबा उचलला आणि थेट चपात्या भाजणाऱ्या बाईच्या तव्यापाशी गेले.

"आधी घरचा कोळसा." एका भोपळ्याच्या तोंडाचा कोळसा खरवडून त्यांनी तव्यावर टाकला. तो गुमान पडून राहिला.

"आता पूर्वज." डब्यातली चिमूट पडली मात्र, तवा चुरचुरला, भुकटीला तपकिरी फेस आला आणि करपलेल्या साखरेचा वास बाजारभर पसरला.

"कोळशाला साखरेचा वास येतो का, बायांनो? साखर आणि पीठ लागतं गोळी बांधायला. कोळशात गोळ्या कुटल्यात ह्यानं. कसल्या, ते प्रयोगशाळा सांगेल."

"पूर्वजाला..." पास्टर ओठ चाटत म्हणाला, "पूर्वजाला चहा गोड लागायचा!"

लोक हसले. त्या हसण्यातच पास्टर मोटारसायकलवर बसून पसार झाला. मांडवामागच्या खड्ड्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली. प्रयोगशाळेनंही सांगितलं, राखेत तेच औषध आहे.

बंदी मात्र उठली नाही. आपल्या तोंडात काय जातं ते खेळाडूनंच बघायचं, असा नियम आहे. आईनं दिलेलं असलं तरी.

"आई," एकदा बटाटे सोलताना जेसांग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "राखेच्या आधी मी जिंकले होते, ते आता कोण खरं मानेल गं?"

कोबिलोनं पुढचा बटाटा सोलायला घेतला. लेक आता काळा चहा पिते, तोही स्वतःच्या हातानं करून.

पास्टर दरीपलीकडे दुसऱ्या नावानं पुन्हा बसलाय म्हणतात. कोबिलो दर बाजारी तिकडे जाते आणि रांगेच्या तोंडाशी चूल पेटवून तवा ठेवते. बाया तिला शिव्या घालतात, कुणी वेडी म्हणतं. ती एवढंच म्हणते, "घाला गं पोरीला, पण आधी ह्यावर टाकून बघा."

बघणाऱ्या फार थोड्या. तुम्ही तरी बघा. जे खरं असतं ते तव्याला भीत नाही; आणि जो बाबा तव्याला भितो, त्याची चिमूट लेकराच्या पोटात घालू नका.