मेंढीच्या जागी प्रताप

फुग्यातून माणूस उडाला त्याच्या आधी एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा उडाले होते. फ्रान्समध्ये, १७८३ साली. दोनशे वर्षं झाली म्हणून मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या युनिव्हर्सिटीने हे सगळं पुन्हा करायचं ठरवलं. फुगा प्रतापचा. म्हणजे डिझाइन त्याचं, शिलाई त्याची, दोन वर्षं त्याची, आणि नाव प्रोफेसरांचं. उड्डाण झालं की त्याची पीएचडी झाली, असं ठरलं होतं. नागपूरला घरच्यांनी मुलीही बघून ठेवल्या होत्या.

आठवडाभर आधी कळलं की मेंढी वर पाठवायला प्राण्यांच्या कमिटीची परवानगी लागते, आणि ती यायला तीन महिने. विद्यार्थ्यांसाठी तसली कमिटी नव्हती. विमा कंपनीला विद्यार्थी प्रवासी म्हणून चालत नव्हते, वजन म्हणून चालत होते. म्हणून प्रताप मेंढी झाला, रूममेट रवी कोंबडा आणि मी बदक. तिघांत मेंढी सीनियर, असं सांगून आम्ही प्रतापची समजूत घातली.

शनिवारी आम्ही पन्नास फूट वर गेलो, दोरीला बांधलेले. उतरताना प्रतापने गरम हवा सोडायची वरची झडप ओढली. अडकली. तिसऱ्या हिसक्याला उघडली.

"मोकळा सोडला तर हा पाहिजे तिथे उतरणार नाही यार," तो म्हणाला.

खाली गुरांचा डॉक्टर हजर होता. त्याला कॅन्सल करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने प्रतापची छाती तपासली आणि फॉर्मवर 'सुखरूप' लिहिलं. तोवर प्रोफेसर फुग्याच्या टोपलीत चढून पत्रकारांना सांगत होते की धोका आधी प्राण्यांनी पत्करला, आता माणूस मोकळा उडणार.

"सर, वन मिनिट," प्रताप म्हणाला, आणि ते मिनिट मिळायची वाट बघत उभा राहिला. मोठे बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं. मीही गप्प. बदक त्याहून ज्युनियर.

दोरी सोडली. फुगा तळ्याकडे निघाला. सर झडप ओढताना लांबूनही दिसत होते. मग ओढायची दोरीच तुटून त्यांच्या हातात आली. सर पोहत काठाला लागले. फुगा बुडाला.

सोमवारी त्यांनी प्रतापला बोलावलं. रागावले नाहीत. फुगा गेला तरी थीसिसला उत्तम विषय मिळाला, म्हणाले: झडप का अडकली? नवा फुगा शिवायला एक वर्ष, प्रयोगांना एक.

"पण का अडकली?" मी प्रतापला विचारलं.

"शिवण जाड झालीय कडेला. दोन तासांचं काम आहे."

"मग सांगितलंस ना?"

"सर फोनवर होते रे."